सोमवारी मरणारे मासे

अंजलीबाई नरगुंदकरांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला, आणि नंदकिशोर मुतालिकांच्या तोंडाला पाणी सुटलं.

डबा लहानसा, झाकण घट्ट, वरून धुतलेल्या फडक्याची गाठ. अशा डब्यात एक तर बेसनाचे लाडू असतात, नाही तर ओल्या नारळाच्या करंज्या. नंदकिशोरांनी पेपर बाजूला सारला, चष्मा नाकावर चढवला आणि यजमानाला शोभेल अशा आवाजात ते म्हणाले, “अहो, हे कशाला उगीच?”

अंजलीबाईंनी गाठ सोडली, झाकण काढलं. केळीच्या पानाच्या तुकड्यावर बोटाच्या पेराएवढा एक मासा निजला होता. अंगावरची निळी रेघ विझत आलेली, डोळे मात्र टक्क उघडे.

“हा सोमवारी गेला,” अंजलीबाई म्हणाल्या. “पुरावा म्हणून फ्रीझरमध्ये ठेवला होता. मटारांच्या मागे. आमच्या ह्यांना माहीत नाही.”

नंदकिशोरांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या दोन खोल्यांच्या दारावर ‘भार्गवी मुतालिक, खाजगी तपास’ अशी पाटी होती. तपास बहुतेक लग्नाळू मुलांचा: मुलगा सांगतो तिथे खरंच नोकरीला आहे का, आणि संध्याकाळी नक्की कुठल्या ‘मीटिंग’ला बसतो. भार्गवीअक्का डोकं चालवायच्या, नंदकिशोर स्कूटर. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा त्यांचा दुसरा संसार होता. त्यातही पहिल्यासारखंच, काय चाललंय ते त्यांना सगळ्यांत शेवटी कळायचं.

“अंजलीअक्का, स्वल्प पाणी प्या आणि पहिल्यापासून सांगा,” भार्गवीअक्का म्हणाल्या.

“पाणी नको गं. माझ्या सुनेला वाचव.”

मग त्यांनी सांगितलं. नवरा वासुदेव, विमानांचे सुटे भाग तपासण्यात हयात गेलेली. निवृत्तीनंतर त्यांनी दिवाणखान्यात माशांची टाकी मांडली. काचेमागे हिरवं रान, रानात निळ्या-तांबड्या ठिणग्या. सारं दृष्ट लागावी असं होतं. मग हिवाळ्यात मुलाचं, शंतनूचं, लग्न झालं, पुण्याची केतकी सून म्हणून घरी आली, आणि मासे मरायला लागले.

“कधी मरतात?”

“सोमवारी. आधी त्या चिमुकल्या गोगलगायी गेल्या. काचेवरून वर चढायच्या, पाण्याबाहेर यायच्या, जशा काही माहेरी निघाल्यात. मग काचेसारख्या दिसणाऱ्या कोळंब्या गेल्या. आता हे निळे टेट्रा चाललेत.”

“आणि वासुदेवअण्णांचा संशय सुनेवर.”

“दुसऱ्या कुणावर? मधे ती आठवडाभर पुण्याला जाऊन आली. त्या सोमवारी एकही मासा मेला नाही!” अंजलीबाईंनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. “ह्यांनी शंतनूला सांगून टाकलंय, तुम्ही दोघं बेळ्ळंदूरला घर बघा, ऑफिसही तिकडेच आहे. रविवारी दलाल यायचाय. अगं, तीस वर्षं त्या घरात दोन पुरुष पेपर वाचत बसले. आत्ता कुठे कुणीतरी माझ्याशी भांडतंय, गाणं म्हणतंय, माझ्या साडीला नावं ठेवतंय. ती गेली तर मी त्या टाकीकडे बघत बसू का?”

नंदकिशोरांनी पेपराआडून मनातल्या मनात निकाल दिला. सून आली, मासे मेले. सून गेली, मासे जगले. सून परतली, मासे मेले. यात तपास कसला?

“उद्या येते,” भार्गवीअक्का म्हणाल्या. “आणि अक्का, हा डबा परत मटारांच्या मागे ठेवू नका.”

शनिवारी सकाळी वासुदेवअण्णांनी त्यांना थेट टाकीपुढे उभं केलं, जसं देवळात पाहुण्याला आधी गाभाऱ्यापुढे उभं करतात. पाणी स्फटिकासारखं होतं. हवेचा पंप बुडबुड्यांची माळ ओवत होता. उरलेले टेट्रा मात्र एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते, सासुरवाडीला आलेल्या लाजऱ्या जावयांसारखे.

अण्णांनी काचेच्या नळ्या रांगेत मांडल्या. “हे पाहा. अमोनिया नाही. नायट्राइट नाही. पीएच हवा तसा. तापमान हवं तसं. खाणं चिमूटभर, तेही मीच घालतो. पाणी निर्दोष आहे. निर्दोष पाण्यात मासा मरत असेल, तर दोष माणसाचा.”

“पाणी बदलता कधी?”

“रविवारी. एक बादली काढायची, एक घालायची. शुक्रवारी संध्याकाळी कावेरीचं पाणी येतं, तेव्हाच बादली भरून मागच्या मोरीत उघडी ठेवतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांचे कल्ले जाळतं. ठेवलेल्या पाण्यातून उडून जातं. तरी घालण्याआधी मी वास घेतोच. औषधाचा जराही वास आला, तर पाणी मोरीत.”

“आणि कुणी चुकून ताज्या नळाचं घातलं तर?”

“हिनं घातलं होतं एकदा,” अण्णांनी बायकोकडे हनुवटी उडवली. “अमावस्येला घातलं. मी पौर्णिमेपर्यंत बोललो नाही.”

“त्या दिवसांत घरात काय शांतता होती!” अंजलीबाई पुटपुटल्या आणि कॉफी करायला आत गेल्या.

“गच्चीवरच्या टाकीतलं पाणी का नाही वापरत?” नंदकिशोरांनी विचारलं. आपणही तपासात आहोत, हे दिसायला हवं होतं.

“ते बोअरचं. त्यात क्षार इतके की नळाच्या तोंडाला पांढरी दाढी येते. त्यानं माणसाचंसुद्धा भलं होत नाही, मासे कसले जगतात!”

भार्गवीअक्कांनी मागची मोरी पाहिली. निळी प्लास्टिकची बादली काठोकाठ भरलेली होती. त्यांनी वाकून वास घेतला, बोट बुडवलं, आणि मग बादलीच्या कडीला गुंडाळलेला एक लांबसडक ओला केस अलगद सोडवून रुमालात ठेवला.

नंदकिशोरांनी लगेच हिशेब मांडला. अंजलीबाईंचे केस पांढरे आणि बोटभर. प्रेमाचे, म्हणजे स्वयंपाक-भांडी करणाऱ्या बाईंचे, कुरळे. हा केस काळा, सरळ, कमरेपर्यंतचा. त्यांनी बायकोकडे ‘सापडली!’ अशा नजरेनं पाहिलं. भार्गवीअक्का पिशवीतल्या बाटलीत बादलीतलं पाणी भरून घेत होत्या.

स्वयंपाकघरात अंजलीबाई कॉफी गाळता गाळता गुणगुणत होत्या:

सुनेच्या हंड्याला, चिंचेनं उजळते
रातीचं गं पाणी, पहाटे निवळते

“काय गोड ओवी आहे!” नंदकिशोर म्हणाले. “वहिनी, घोटभर पाणी मिळेल? हंड्यातलंच द्या, थंड असतं.”

“आज हंड्यातलं संपलं हो. फिल्टरचं देते.”

“इतक्या सकाळी संपलं?” भार्गवीअक्कांनी सहज विचारलं.

“उन्हाळा आहे ना,” अंजलीबाई म्हणाल्या आणि नंदकिशोरांपुढे घाईघाईनं चिवड्याची बशी सरकवली. चिवड्यात काजू होते. त्यामुळे नंदकिशोर पुढचा काही वेळ तपासाला उपलब्ध नव्हते.

प्रेमा मोरीपाशी बसून तो हंडाच घासत होती. चांगला मांडीएवढा उंच, तांब्याचा, गळ्याभोवती वेलबुट्टी. चिंचेचा कोळ लागला तिथे उगवत्या सूर्यासारखा झळकत होता.

“प्रेमा, त्या टाकीचा तुला राग आहे म्हणे,” भार्गवीअक्का तिच्याशेजारी बसल्या.

“राग येणारच की, अक्का! सार म्हणतात, टाकीच्या बाजूला फिनाइल नको, साबण नको, फडका पण त्यांचा वेगळा. मी तिकडे जातच नाही. मासे मेले की सार माझ्याकडे बघतात. मी काय करू? मी पण त्यांच्याकडे बघते.”

“आणि हा हंडा?”

“ही आणखी एक कटकट. आधी स्टीलची घागर होती, फडका मारला की झालं. हा सोसेच्या माहेराहून रुखवतात आला. अम्मा रोज रात्री फिल्टरचं पाणी भरते, म्हणते तब्येतीला चांगलं. आणि मला सांगते, प्रेमा, चिंच लाव, आरसा कर. सोसे आली ती बरी आहे, अक्का. हंडा जड आहे.”

सोसे म्हणजे सून, हे नंदकिशोरांना ठाऊक होतं. चिवडा खाता खाता त्यांनी प्रेमाला संशयितांच्या यादीतून वगळलं. फिनाइलचं नाव स्वतःहून काढणारी बाई निर्दोषच असणार.

शेजारच्या घरात अजित राहायचा. मुंबईहून नोकरीसाठी आलेला, एकटा, आणि मासेवेडा. गेल्या वर्षी मत्स्यप्रेमींच्या मेळाव्यात अण्णांच्या टाकीला पहिलं बक्षीस मिळालं आणि त्याच्या टाकीला दुसरं. तेव्हापासून अण्णांनी त्याला घरात पाऊल ठेवू दिलेलं नव्हतं.

“सर, मॅडम, या ना! हा बघा, हा आमचा व्हाइस प्रेसिडेंट,” अजितनं एका लठ्ठ माशाकडे बोट दाखवलं. “काही करत नाही, नुसता वर तरंगतो. हे गप्पी म्हणजे एचआर. सगळीकडे असतात, पण कामाच्या वेळी सापडत नाहीत.”

“पाणी कुठलं वापरता?”

“सेम टू सेम. नरगुंदकर काकांचीच लाइन, तीच कावेरी. प्लास्टिकच्या ड्रममध्ये दोन दिवस ठेवतो.”

त्याच्या टाकीच्या काचेवर गोगलगायींची जत्रा भरली होती. नंदकिशोरांची नजर मात्र फळीवरच्या एका निळ्या औषधाच्या बाटलीवर खिळली.

“ते माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं औषध,” अजित म्हणाला. “माशांना थेंब मोजून द्यायचं. पण आधी गोगलगायी आणि कोळंब्या बाहेर काढायला लागतात. नाही तर सगळ्या खल्लास.”

नंदकिशोरांनी बाटली हातात घेतली. जाड अक्षरांत तीच ताकीद होती, बारीक अक्षरांत घटक म्हणून तांब्याचं नाव. त्यांनी बाटली बायकोपुढे धरली, डोळे मोठे केले, भुवया वर नेल्या, खोकले.

“सर, पाणी देऊ का?” अजितनं काळजीनं विचारलं.

“नको, ते विचार करताहेत,” भार्गवीअक्का म्हणाल्या.

शेवटी केतकी. डोक्याला टॉवेलचा फेटा, मांडीवर लॅपटॉप, चेहऱ्यावर ‘मला माहितीये तुम्ही का आलात’.

“काकू, मी त्या टाकीजवळ जातसुद्धा नाही. बाबांना वाटतं मी काहीतरी टाकते. काय टाकणार? पीपीटी?”

“बेळ्ळंदूरला जायचंय तुला?”

केतकीचा आवाज एकदम उतरला. “ऑफिस जवळ पडेल, ट्रॅफिक वाचेल, सगळं खरं. पण तिथे संध्याकाळी दार उघडल्यावर ‘आलीस का गं’ म्हणायला कोण असणारे? शंतनूचं अर्धं आयुष्य टूरवर. आत्तासुद्धा नागपूरला आहे.”

भार्गवीअक्कांनी टॉवेलकडे पाहिलं. “आज डोक्यावरून अंघोळ वाटतं?”

“हो. शनिवारी सुट्टी असते ना.”

“केस छान राखलेयस. नाही तर आमच्या बंगळूरला आल्या की मुली केसांच्या नावानं रडतात.”

“मी पण रडायचे! पहिल्या महिन्यात मूठ मूठ गळायचे, नारळाच्या शेंड्यांसारखे राठ झाले होते. आता…” केतकीनं दाराकडे पाहिलं. दारात अंजलीबाई उभ्या होत्या. “आता बरे आहेत.”

“काय लावतेस?”

“काही नाही.”

“पोहे टाकू का?” अंजलीबाईंनी विचारलं.

नंदकिशोर ‘हो’ म्हणणार होते, पण भार्गवीअक्का उठल्या. निघताना त्यांनी अण्णांना बजावलं, “उद्या मी आल्याशिवाय टाकीत थेंबभरही पाणी घालू नका.”

स्कूटर रस्त्याला लागली तशी नंदकिशोरांची वाणीही सुटली. “भार्गवी, अजितच! निळं औषध, गोगलगायी खल्लास, दुसऱ्या बक्षिसाचं शल्य! पण मग बादलीला केस कुणाचा? केतकीचा. म्हणजे दोघं सामील! ती आतून, तो बाहेरून!”

“अजित त्या घरात शिरूच शकत नाही, आणि ती टाकीजवळ जात नाही. मग औषध काय वाऱ्यावर उडून जातं?”

“तिनं बादलीत टाकलं असेल!”

“बादलीपर्यंत आलात, छान. अहो, आता माशांच्या दुकानापाशी गाडी थांबवा. पाण्यात तांबं आहे का ते तपासायची बाटली मागा. दुसरं काही घेऊ नका.”

नंदकिशोर परत आले तेव्हा एका हातात बाटली होती आणि दुसऱ्या हातात पिशवीत पोहणारा एक पिवळा मासा.

“तो माझ्याकडे बघत होता,” त्यांनी खुलासा केला.

रविवारी सकाळी नरगुंदकरांच्या दिवाणखान्यात सगळे जमले. अण्णा ताठ, अंजलीबाई खुर्चीच्या कडेवर, केतकी खिडकीपाशी, प्रेमा दारात. अजितला खास परवानगीनं आत घेतलं होतं, पण टाकीकडे पाठ करून बसवलं होतं. दलाल वाटेत होता, त्याचा तसा फोन येऊन गेला होता.

भार्गवीअक्कांनी तिपाईवर तीन पेले मांडले. पहिल्यात स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी होतं, दुसऱ्यात शनिवारी बादलीतून घेतलेलं, तिसऱ्यात टाकीतलं. प्रत्येकात त्यांनी बाटलीतले थेंब टाकले.

“अण्णा, तुम्ही पाण्याला पुष्कळ प्रश्न विचारलेत. एक राहून गेला. आणि तो तुम्हाला त्या गोगलगायी ओरडून सांगत होत्या.”

“गोगलगायी?”

“अमोनियानं किंवा क्लोरीननं मासेही तेवढेच तळमळतात. इथे सगळ्यांत आधी गोगलगायी गेल्या, मग कोळंब्या, आणि मासे सगळ्यांच्या शेवटी. या क्रमानं मारणारं काय असतं, ते अजितच्या फळीवरच्या बाटलीवर लिहिलंय.”

“तांबं!” अण्णा ओरडले. “कॉपर! पण मी ते औषध कधी आणलंच नाही! अजित!”

“काका, मी टाकीकडे बघतसुद्धा नाहीये!” अजित भिंतीला उद्देशून म्हणाला.

“अजितचा संबंध नाही. औषध रोज कधीही टाकता येतं, त्याला रविवार लागत नाही. इथे मरण सोमवारी येतं, म्हणजे ते रविवारच्या बादलीतून येतं. आणि केतकी पुण्याला असताना येत नाही. म्हणजे केतकी घरात असली की बादलीचं काहीतरी होतं.”

अण्णांनी सुनेकडे पाहिलं. नंदकिशोरांनीही पाहिलं. केतकी नखांकडे बघत होती.

“काय होतं ते तिच्या डोक्यावर लिहिलंय,” भार्गवीअक्का हसल्या. “या घराच्या न्हाणीघरात बोअरचं पाणी. नव्या मुलीचे केस पहिल्या महिन्यात मूठ मूठ गळले, आणि मग, काही न लावता, रेशमासारखे झाले. पाणी बदलल्याशिवाय हे होत नाही. घरात कावेरीचं भरून ठेवलेलं मऊ पाणी एकाच बादलीत असतं. केतकी शनिवारी केस धुते. बादलीच्या कडीला काल तिचा ओला केस होता.”

“माझ्या माशांचं पाणी?” अण्णांचा आवाज चिरकला. “केसांना?”

“पण मी पाहिली तेव्हा बादली काठोकाठ भरलेली होती,” भार्गवीअक्का शांतपणे म्हणाल्या. “केस धुऊन झाल्यावर ती कुणी भरली? शनिवारी कावेरी येत नाही. बोअरचं घातलं तर तुमचे मासे आणि तुमच्या नळ्या, दोन्ही बोंब मारतील. आली असती तरी ताज्या पाण्याला औषधाचा वास, आणि तुम्ही वास घेता. एकदा तसं झालं तेव्हा अमावस्या ते पौर्णिमा मौन होतं. म्हणून भरणाऱ्यानं घरातलं सगळ्यांत चांगलं, रात्रभर ठेवलेलं, बिनवासाचं पाणी ओतलं. मांडीएवढ्या हंड्यातलं पाणी तीन माणसांच्या घरात सकाळी सकाळी संपलं, ते उन्हाळ्यानं नाही संपलं.”

दारात प्रेमानं हात तोंडावर नेला. “अय्यो, हंडा!”

“तांब्याचा हंडा. चिंचेनं रोज कोरा करकरीत केलेला, आणि त्यात रात्रभर फिल्टरचं मऊ पाणी. असं पाणी तांबं चाटत बसतं. माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण नखाएवढ्या जिवाला ते विष. हे पाहा.”

पहिला पेला नितळ राहिला होता. टाकीतल्या पाण्याला रंग चढला होता. आणि बादलीतलं पाणी गर्द झालं होतं.

नंदकिशोरांना सगळं कळायला क्षणभर लागलाच. कळलं तेव्हा त्यांनी बघितलं, तर अंजलीबाईंचा चेहरा पेल्यातल्या पाण्यापेक्षा पांढरा पडलेला.

“म्हणजे… मी?” त्या म्हणाल्या. “मी मारले त्यांना?”

“नाही, आई! मी!” केतकी पुढे झाली. “बाबा, पहिल्या वेळी मला माहीतच नव्हतं ते माशांचं पाणी आहे. आईंनी बघितलं, आणि माझे केस बघितले, आणि म्हणाल्या, धू गं, मी बघते बादलीचं. पुढच्या प्रत्येक वेळी मला माहीत होतं.”

“तू गप्प बस. पाणी मी ओतलं.”

“मी वापरलं म्हणून ओतलंत!”

“मग वापर म्हणून कोण म्हणालं? मीच ना?”

“आई, प्लीज, माझा गुन्हा मला घेऊ द्या!”

एक गुन्हेगार शोधायला बसलेल्या अण्णांपुढे आता दोन उभ्या होत्या आणि दोघी हक्कानं भांडत होत्या. ते एकीकडून दुसरीकडे मान वळवत राहिले. शेवटी भार्गवीअक्कांकडे वळले.

“हिनं मला सांगायचं तरी होतं. बादली रिकामी झाली, एवढंच.”

“तेच तर, अण्णा. बादली रिकामी झाली, एवढं सांगायची दोन बायकांना भीती वाटली. हे तुमच्या कुठल्या नळीत दिसलं असतं?”

विमानाचा भाग नापास करताना अण्णांचे ओठ घट्ट मिटत असतील, तसे मिटले. फक्त या वेळी नापास काय झालं होतं, ते त्यांचं त्यांनाच दिसत होतं.

अजितनं भिंतीकडे बघतच हात वर केला. “काका, माझ्या ड्रममध्ये ठेवलेलं पाणी आहे. उरलेल्यांना वाचवता येईल. अर्धी टाकी आत्ता बदलू, तांबं शोषून घेणारा थोडा कोळसा घालू. मी वळू का?”

“वळ,” अण्णा म्हणाले.

मग धावपळ उडाली. अजितनं बादल्या आणल्या, प्रेमानं साबणाचं नाव न काढता फरशी पुसली, नंदकिशोरांनी सूचना दिल्या आणि त्या कुणीही पाळल्या नाहीत. दुपार होता होता कोपऱ्यातले टेट्रा एकेक करून रानात शिरले. अंजलीबाई टाकीपाशी उभ्या होत्या, पदर डोळ्यांना लावून. अण्णा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघंही काही बोलले नाहीत, पण हे मौन वेगळं होतं, ते नंदकिशोरांनासुद्धा कळलं.

मग अण्णांनी घसा खाकरला. “केतकी, उद्यापासून माशांना दाणे तू घालायचे. चिमूटभर.”

“बाबा, खरं सांगू? मला मासे आवडत नाहीत. ते एकटक बघत राहतात.”

“हं,” अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुसतच राहिले. “गेले कित्येक दिवस मीही तेच करत होतो. तुझ्याकडे एकटक. त्यांना निदान पापण्या नाहीत.”

केतकी आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. अंजलीबाईंनी तिला जवळ ओढलं.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. चाव्यांचा जुडगा खुळखुळवत, घामानं भिजलेला दलाल पायऱ्या चढून आला. पंधरावा मजला, तळ्याचा देखावा, चोवीस तास पाणी, असं काहीबाही तो कानडीत सांगू लागला.

अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“मने बेडा,” ते म्हणाले. घर नको.

“याके सार?” तो गोंधळला. का?

“मने इदे,” अण्णा म्हणाले. घर आहे.

दलालानं त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. फरशीभर पाणी, सात माणसं, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत ओले. यातलं घर नक्की कुणाचं, ते त्याला कळेना. त्यानं तसं विचारलंही.

अण्णांनी मागे न बघता अंगठा सुनेकडे केला.

“इवळदु,” ते म्हणाले. हिचं.